गेणूच्या पायातले बूट

१

सावळ घाटातल्या मोठ्या वळणाखालची दरी त्या सकाळी पांढरीशुभ्र झाली होती. श्रावणातलं धुकं होतंच, पण हा पांढरेपणा धुक्याचा नव्हता. ट्रक उलटला तेव्हा मागचे रंगाचे डबे फुटून सगळा उतार माखला होता. सागाची पानं पांढरी, दगड पांढरे, आणि त्यात जिथं लाल दिसत होतं तिथं पाय ठेवायला कुणी धजत नव्हतं.

सहायक पोलीस निरीक्षक तेजस्विनी बोराडे दोर धरून खाली उतरली. आधी मोटारसायकल सापडली. तिची इतकी घडी झाली होती की पुढचं चाक कुठलं आणि मागचं कुठलं ते कळेना. तिच्याशेजारी नवरा-बायको पडले होते. घाट चढत असताना समोरून ट्रक अंगावर आला, त्यानं दोघांना चिरडलं आणि कठडा तोडून बरोबर खाली नेलं. बायकोचा हात अजून नवऱ्याच्या कमरेभोवती होता. तो सोडवताना हवालदारानं तोंड फिरवून घेतलं.

ट्रकच्या केबिनचा पार चेंदामेंदा झाला होता. स्टिअरिंग ड्रायव्हरच्या छातीत घुसलं होतं. चेहऱ्यावरून माणूस ओळखणं शक्य नव्हतं, म्हणून खिशातल्या लायसनवरून नाव काढलं. गेणू गायधनी, राहणार दिंडोरी तालुका. समोरच्या काचेचा चुरा झाला होता, पण सप्तशृंगी मातेचा फोटो जागेवर होता. दारामागच्या दोरीच्या फासात अडकवलेल्या जुन्या चपलाही एवढी आपटाआपटी होऊन सुटल्या नव्हत्या. गेणूच्या पायात काळे सेफ्टी बूट होते, नाड्या नीट बांधलेले.

"गडी मेला, पण नियमात मेला," हवालदार म्हणाला. तेजस्विनीनं त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा पंचनाम्याची पट्टी शोधायला लागला.

तेवढ्यात वरून आरडाओरडा ऐकू आला. ती धापा टाकत वर पोचली तोवर पाड्यावरच्या लोकांनी जीपमधून उतरलेल्या एका माणसाला घेरलं होतं. तो ट्रकवरचा दुसरा ड्रायव्हर होता. ज्यांची माणसं खाली चिरडून पडली होती त्यांना कोण काय समजावणार? दोघांनी त्याचे हात धरले होते आणि तिसरा हातातला धोंडा त्याच्या गुडघ्यावर घालत होता. हाड मोडल्याचा आवाज तेजस्विनीला स्पष्ट ऐकू आला. ती मध्ये पडली तेव्हा एक दगड तिच्याही खांद्यावर बसला. पिस्तूल हातात घेऊन ती त्या माणसाच्या अंगावर आडवी उभी राहिली, म्हणून तो वाचला.

दुपारी सिव्हिल हॉस्पिटलात शवविच्छेदन झालं. डॉक्टर हात पुसत बाहेर आले आणि त्यांनी तिला बाजूला बोलावलं. गेणूची कवटी मागून फुटली होती, आणि तो घाव स्टिअरिंगचा नव्हता की दगडाचाही नव्हता.

"लोखंडी दांडा असावा," ते म्हणाले. "दरीत पडला तेव्हा हा माणूस जिवंत नव्हता."

२

मार खाल्लेल्या ड्रायव्हरचं नाव सहादू. गेणूच्या बायकोचा, साळूबाईचा, तो धाकटा भाऊ. दाजीनंच त्याला ट्रकवर आणलं, हातात स्टिअरिंग दिलं आणि पोटाला लावलं. आता, अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, तो दोन्ही पाय प्लास्टरमध्ये घेऊन पडला होता आणि त्याचा उजवा हात बेडीनं खाटेला अडकवला होता.

त्याला अडकवायला कारणंही भरपूर होती. चाक खोलायची लोखंडी टॉमी ट्रकच्या सांगाड्यात सापडली, तिच्यावर गेणूचं रक्त होतं आणि सहादूच्या बोटांचे ठसे. घाटाच्या माथ्यावरच्या चहावाल्यानं त्या सकाळी दोघांना भांडताना पाहिलं होतं. तेजस्विनीच्या वरिष्ठांना एवढं पुरेसं होतं. पाड्यावरची माणसं रस्ता अडवून बसली होती, आरोपी मिळाला असं सांगितलं की रस्ता मोकळा होणार होता. उद्या संध्याकाळपर्यंत दुसरं काही हाती लागलं नाही तर सहादूवर तीन खून लागणार होते.

सहादूला बोलताना त्रास होत होता. माथ्यावर आल्यावर ब्रेक नीट लागेना, म्हणून गेणूनं ट्रक कडेला घेतला आणि चाकांना दगड लावले. ब्रेकचे लायनर पार घासून संपले होते. सहादूचं म्हणणं पडलं की पहिल्या गिअरमध्ये हळूहळू उतरवू, नाहीतर मालक नोकरीवरून काढतील. भांडण झालं ते एवढ्यावरूनच.

"दाजी म्हणले, खाली माणसं राहत्यात," तो म्हणाला. "म्हणले, तू रेंजमधी जा, हापिसात सांग गाडी जागची हलणार नाय. मी जीपला हात केला. करंजाळीतून फोन केला. माघारी यायला जीप मिळस्तवर तीन तास गेलं. तवर गाडी नव्हती, दाजीबी नव्हतं."

साळूबाई खाटेच्या पायथ्याशी बसून होती. आदल्या दिवशी शवविच्छेदनाआधी शवागारात तिनं नवऱ्याच्या तोंडावरची चादर काढायला सांगितलंच नव्हतं. ती सरळ पायांशी गेली आणि बुटांच्या नाड्या ओढायला लागली. दोन नर्सनी धरून तिला बाहेर आणलं. दुःखानं डोकं ठिकाणावर नाही, असंच सगळे समजले. तेजस्विनीलाही तेच वाटलं होतं.

"नवरा तर गेला, बाई," साळूबाई तिला म्हणाली. "हा तरी ठेवा मला."

तेजस्विनीनं तिला कसलंही वचन दिलं नाही. पोलिसांनी द्यायची नसतात, आणि दिली तरी कुणी विश्वास ठेवत नाही. पण बाहेर पडताना तिनं ट्रकमालकाच्या आडगावच्या आवाराकडे गाडी घ्यायला सांगितलं. करंजाळीतून सहादूचा फोन खरंच गेला होता. म्हणजे गेणू घाटाच्या माथ्यावर एकटा आहे, हे नाशकात कुणाला तरी ठाऊक होतं.

३

आडगाव नाक्याजवळ गोदातीर रोडलाइन्सचं आवार आहे. फाटकावर हेल्मेट घातलेल्या हसऱ्या माणसाचं मोठं चित्र आणि खाली 'सुरक्षित चालक, सुखी कुटुंब' अशी पाटी. त्या हसऱ्या माणसाला कुणी कधी सावळ घाटात पाठवलं नसावं.

गाड्या सुटायची वेळ होती. फाटकाशी एक ड्रायव्हर बूट घालून, छाती काढून उभा राहिला. रखवालदारानं मोबाइलवर त्याचा फोटो काढला. फोटो झाल्यावर ड्रायव्हरनं बूट काढून लाकडी खोक्यात टाकले आणि चपला घालून ट्रककडे गेला. पुढच्या ड्रायव्हरनं खोक्यातून तेच बूट उचलले, नाक मुरडत पाय घातले आणि छाती काढली. अख्ख्या आवारात मिळून बुटांचे दोन जोड होते. दोन्ही फाटकाशीच होते.

ही सगळी व्यवस्था ज्यानं बसवली तो मॅनेजर प्रफुल्ल नजर चुकवत बोलत होता. रंगाच्या कंपनीची अट होती की प्रत्येक ड्रायव्हरला सेफ्टी बूट हवेत आणि त्याचा रोज पुरावा हवा. मालकांनी बूट आणायला सांगितलं, पण कितींना ते सांगितलं नाही. ड्रायव्हर तर घालायलाच तयार नव्हते. मग त्यानं मधला मार्ग काढला. फोटो मालकांच्या मोबाइलवर जात, मालक ते कंपनीला पाठवत. मालकांना खोक्याचं माहीत आहे का, असं तेजस्विनीनं विचारलं. प्रफुल्ल घाम पुसत म्हणाला की मालक फाटकाशी कधी उतरत नाहीत, गाडी सरळ ऑफिसच्या दारात नेतात.

सहादूचा फोन त्यानंच घेतला होता. लगेच फकिरा मिस्त्रीला लायनर घेऊन घाटात पिटाळलं, मग मालकांना कळवलं आणि आपण रंगाच्या कंपनीत उशिराची माफी मागायला गेलो, असं तो सांगत होता. कंपनीत त्याला कुणी भेटलं का? नाही. बाहेर गाडीत बसून राहिलो, आत जायची हिंमत झाली नाही, म्हणाला.

फकिरा मिस्त्री एका ट्रकखाली पडला होता. पाय तेवढे बाहेर, अनवाणी आणि ग्रीसनं काळे. तो उताणा पडल्या पडल्याच बोलला. त्या गाडीचे लायनर संपलेत हे त्यानं कधीच प्रफुल्लसाहेबांच्या कानावर घातलं होतं. प्रफुल्ल म्हणे, मी मालकांना सांगितलं होतं. फकिरा मोटारसायकलवरून घाटाकडे निघाला खरा, पण वाटेत पंक्चर झालं. पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. पंक्चर कुणी काढलं? त्यानं स्वतःच. मिस्त्रीच्या पंक्चरला साक्षीदार कुठून आणणार, असं त्यानंच उलट विचारलं.

तेजस्विनी जायला वळली तेव्हा तो ट्रकखालून बाहेर सरकला. इकडे तिकडे पाहून त्यानं हळूच सांगितलं की आपण घाटाकडे जाताना मालकांची पांढरी गाडी तिकडून परत येताना उमराळ्याच्या पुढं दिसली होती. नंबर नाही पाहिला. पण मागच्या काचेवर तसलंच गणपतीचं चित्र होतं.

पांढऱ्या गाड्या आणि काचेवरचे गणपती नाशकात पैशाला पासरी. तरी ती थांबली नाही, तशीच गंगापूर रोडला मालकाच्या घरी निघाली.

४

मालकाचं नाव यशोधन. परदेशात व्यवस्थापन शिकून आलेला, बोलायला गोड. दिवाणखान्यात भिंतीवर सुरक्षेची प्रशस्तिपत्रं टांगलेली. त्यानं गेणूबद्दल हळहळ व्यक्त केली, सहादूबद्दल मान हलवली. चार गोष्टी नीट मांडून ठेवल्यासारखा तो बोलत होता. लायनरचं मला कुणी सांगितलंच नाही, हे त्याचं पहिलं वाक्य. तेजस्विनीनं अजून लायनर हा शब्द तोंडातून काढलाही नव्हता.

"आमचा ड्रायव्हर पूर्ण सुरक्षेत होता, मॅडम," तो म्हणाला. "तुमच्या लोकांनी पंचनाम्यात बुटांची नोंद केली असेलच."

काल सकाळी कुठं होता, या प्रश्नावर त्यानं कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. तिथं त्याचे वडील खंडेराव बसले होते. धोतर, पांढऱ्या मिश्या, हाताच्या तळव्यांना घट्टे. एका जुन्या ट्रकवर त्यांनी हा सगळा धंदा उभा केला होता आणि वीस वर्षं तो ट्रक स्वतः चालवला होता.

"पोरगा घरीच होता," खंडेराव म्हणाले. ते म्हणताना ते तिच्याकडे बघत नव्हते, स्वतःच्या तळव्यांकडे बघत होते.

घरचा माणूस शपथेवर सांगतो तेव्हा पोलिसांचे हात बांधले जातात. फकिरानं पाहिलेला गणपती एकीकडे आणि हा म्हातारा एकीकडे. कोर्टात कोण टिकणार हे सांगायला वकील लागत नाही. शिवाय फकिरा स्वतःच संशयितांत होता. तिसऱ्या दिवशी दुपार झाली तरी तिच्या हाती नवीन काही नव्हतं. वरिष्ठांचा फोन येऊन गेला. सहादूचे कागद तयार होते.

शेवटचा उपाय म्हणून ती पुन्हा आडगावला गेली. मेलेल्या माणसाला त्या सीटवर बसवून हँडब्रेक काढून खाली उतरायला किती जागा मिळते, ते तिला स्वतः बघायचं होतं. आवारात गेणूच्या ट्रकसारखाच दुसरा ट्रक उभा होता. तिनं दार उघडलं, दांडा धरला आणि पायरीवर पाय ठेवण्याआधी खाली वाकली.

ती बुटाची नाडी सोडत होती.

वाकलेल्या अवस्थेतच ती थांबली. तिचा बाप याच रस्त्यांवर ट्रक हाकत म्हातारा झाला होता. लहानपणी ती एकदा शाळेच्या बुटांसकट केबिनमध्ये चढली होती आणि कधी हात न उगारणाऱ्या त्या माणसानं तिच्या पाठीत धपाटा घातला होता. आत देव आहे, तो म्हणाला होता, तू देवळात बुटानं जातेस का? कुठलाही ड्रायव्हर पायताण घालून केबिनमध्ये चढत नाही. ते दारामागे दोरीला अडकवायचं आणि अनवाणी पायांनी क्लच दाबायचा. ही गोष्ट तिच्या हाडामांसात इतकी मुरली होती की वर्दीतही तिचा हात आपोआप नाडीकडे गेला होता.

मग गेणू बूट घालून कसा बसला? त्याच्या चपला तर दोरीतच होत्या. म्हणजे तो रोजच्यासारखा अनवाणी चढला होता. तिनं ठाण्यात फोन लावला आणि मुद्देमालातले बूट उलटे करून बघायला सांगितले. हवालदार म्हणाला की तळवे कोरे आहेत, एका बाजूला पांढरा रंग लागलाय तेवढाच. घाटात घोट्याएवढा चिखल होता. ज्यानं खाली उतरून चाकांना दगड लावले, त्याच्या बुटाला कणभर माती नाही?

साळूबाईचं डोकं अगदी ठिकाणावर होतं. शवागारात जमलेल्या सगळ्यांत एकटीचंच होतं. ते बूट गेणूच्या पायात मेल्यावर चढवले होते.

५

चारच्या सुमाराला तेजस्विनीनं सगळ्यांना आवारात बोलावलं. फकिरा, प्रफुल्ल, यशोधन आणि हट्टानं बरोबर आलेले खंडेराव. घाटात मारेकऱ्याला हँडब्रेक सोडून उतरायला जागा होती का, एवढंच बघायचंय, असं तिनं सांगितलं. प्रत्येकानं एकदा वर चढून बसायचं. फेरीवर नसलेले ड्रायव्हर लांबून बघत उभे राहिले.

फकिरा अनवाणीच होता. तरी चढायच्या आधी त्यानं तळपाय पोटरीला पुसले. बसला, हँडब्रेक ओढला, सोडला, उतरला.

प्रफुल्लनं पॉलिश केलेले बूट काढले, मोजे त्यात कोंबले आणि चढता चढता ओशाळून म्हणाला की एकदा तसाच चढलो होतो, तर आठवडाभर कुणी माझ्याशी बोललं नाही. लांब उभ्या ड्रायव्हरांत थोडी खसखस पिकली.

मग यशोधन पुढं झाला. मनगटावरचं घड्याळ सारखं केलं, दांडा धरला आणि चिखलाच्या बुटांनी पायरी चढून सीटवर बसला. एक बूट क्लचवर, एक ब्रेकवर. मातेच्या फोटोखालच्या चटईवर चिखलाचा पूर्ण ठसा उमटला. ड्रायव्हरांची खसखस एकदम थांबली.

"बुटांचं काय, साहेब?" तेजस्विनीनं खालून विचारलं.

"घातलेत ना," तो म्हणाला. "आमचा नियमच आहे. आमचा एकही ड्रायव्हर बुटांशिवाय गाडी चालवत नाही. माझ्याकडे रोजचे फोटो आहेत."

त्यानं मोबाइल काढून दाखवला सुद्धा. छाती काढलेले ड्रायव्हर, एकापाठोपाठ एक, सगळ्यांच्या पायात तेच दोन जोड. ड्रायव्हरांनी एकमेकांकडे पाहिलं. खंडेरावांचा चेहरा मात्र उतरत गेला. ते पुढं आले आणि त्यांनी दाराचा दांडा धरला.

"यशा, खाली उतर," ते म्हणाले.

तेजस्विनीनं मग सांगायला सुरुवात केली, आणि ते तिनं म्हाताऱ्याकडे बघून सांगितलं. गेणूला कुणीतरी मेल्यावर बूट घातले. तो माणूस ड्रायव्हर असता तर त्याला हे सुचलंच नसतं. सहादू ड्रायव्हर आहे. फकिराचा जन्म केबिनमध्ये गेला. उरले दोघं. प्रफुल्लला केबिनची रीत माहीत होती, आणि गेणूकडे स्वतःचे बूट नव्हतेच हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ते खोकं त्यानंच ठेवलं होतं. मेलेल्या ड्रायव्हरच्या पायात कोरे बूट दिसले तर पहिला संशय आपल्यावर येईल, हे त्याला कळत होतं. बूट घालणारा माणूस एकच असू शकतो. ज्यानं ड्रायव्हर फक्त फोटोत पाहिले होते आणि ज्याला ते फोटो खरे वाटत होते.

"परवा सकाळी तो घरी होता, असं तुम्ही म्हणालात," ती खंडेरावांना म्हणाली. "पुन्हा एकदा विचारते."

खंडेरावांनी चटईवरच्या त्या चिखलाच्या ठशाकडे पाहिलं. नंतर उत्तर द्यायला त्यांनी वेळ घेतला नाही.

"नव्हता," ते म्हणाले. "उशिरा आला. बाहीवर रक्त होतं. म्हणाला, कुत्रं गाडीखाली आलं. मी मानलं, बाई. बाप हाय मी."

यशोधनचा हात त्याच वेळी सीटखाली गेला. प्रत्येक ट्रकची टॉमी तिथंच असते. तेवढं मात्र त्याला माहीत होतं.

६

पहिला घाव तेजस्विनीच्या डोक्यावर यायचा होता. ती मागं झुकली आणि मध्ये खंडेरावांचा हात आला. टॉमी त्यांच्या खांद्यावर बसली, हाड मोडलं आणि म्हातारा तोंडातून आवाज न काढता गुडघ्यांवर कोसळला. दुसरा घाव दारावर बसून पत्रा फाटला. तेजस्विनीनं यशोधनचा बूट घोट्यात धरला आणि सगळं वजन टाकून खाली ओढला. तो पायरीवर तोंडावर आपटला, दात फुटले, तरी टॉमी सोडेना. तिनं त्याच्या मनगटावर पाय दिला आणि बोटं उघडेपर्यंत काढला नाही. ड्रायव्हर धावून आले होते. त्यांतल्या दोघांनी त्याला लाथा घातल्या, तिसरी बसायच्या आत तिनं त्याच्या हातात बेडी घातली आणि त्यांना मागं लोटलं. एका माणसाला जमावानं ठेचलेलं तिनं परवाच पाहिलं होतं. पुन्हा बघायची तिला इच्छा नव्हती.

त्याच्या पांढऱ्या गाडीच्या डिकीत नव्या बुटांचं रिकामं खोकं सापडलं. कंपनीचे साहेब येतील तेव्हा दाखवायला ठेवलेला जोड होता तो. खाली अंथरलेल्या गालिच्यावर वाळलेलं रक्तही होतं.

रक्त थुंकत थुंकत त्यानं सगळं सांगितलं. प्रफुल्लचा निरोप मिळाल्यावर तो स्वतःच घाटात गेला होता. गाडी माथ्यावर उभी राहिली आणि कारण ब्रेकचं आहे असं कंपनीला कळलं, तर करार जाणार होता. त्यानं गेणूला हळूहळू उतरव म्हणून सांगितलं. गेणूनं नाही म्हटलं. ओरडून सांगितलं, धमकावून सांगितलं. गेणू म्हणाला की उद्या मीच कंपनीत जाऊन संपलेले लायनर साहेबांच्या टेबलावर ठेवतो. खाली माणसं राहतात. एवढं बोलून त्यानं चपला दोरीला अडकवल्या आणि मालकाकडे पाठ करून तो केबिनमध्ये चढायला लागला. चाकाशी टॉमी पडली होती.

तो सीटवर कोसळला तेव्हा यशोधनला त्याचे अनवाणी पाय दिसले. तेव्हाही त्याला आपण केलेल्या खुनाची भीती वाटली नाही. भीती वाटली ती चौकशीची. ड्रायव्हर अनवाणी सापडला तर कंपनी म्हणेल, तुमची सुरक्षा खोटी. म्हणून त्यानं धावत जाऊन डिकीतले बूट आणले आणि त्या पायांत चढवले. आपण धरलेलं टोक रुमालानं पुसून रक्त लागलेली टॉमी केबिनमध्ये फेकली, हँडब्रेक सोडला आणि खाली उतरून चाकांचे दगड काढले. वळणावर कुणी येत असेल का, याचा विचारच केला नाही, असं तो म्हणाला. धुकं होतं, म्हणाला.

तेजस्विनीनं यानंतर प्रफुल्लला गाडीत बसायला सांगितलं. तो चपापला. मी कुणाला हात लावला नाही, मॅडम, मी फक्त फोटो पाठवत होतो, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

"लायनर संपलेत हे माहीत असून गाडी फाटकातून कुणी सोडली?" तिनं विचारलं. "मोटारसायकलवरच्या दोघांच्या घरी जाऊन सांगा हे फोटोचं."

तो गाडीत बसला. पाय अनवाणीच होते, बूट ट्रकशी राहिले होते. ते आणून द्यावेत असं कुणाच्याही मनात आलं नाही.

दिवे लागायच्या आत ती सिव्हिलला पोचली. सहादूच्या हातातली बेडी तिनं स्वतः काढली. त्यानं मनगट चोळलं. डॉक्टर म्हणाले होते की पाय जुळतील, पण क्लच दाबण्याइतका जोर येईल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. साळूबाईला हे कळलं होतं.

तेजस्विनीनं पिशवीतून गेणूच्या चपला काढल्या. खरं म्हणजे तो मुद्देमाल होता, खटला संपेपर्यंत ठाण्यात राहायला हवा होता. तिनं तसं सांगितलं, फक्त दाखवायला आणल्यात, परत न्याव्या लागतील. साळूबाईनं चपला हातात घेतल्या, पदरानं त्यांच्यावरचा पांढरा रंग पुसायचा प्रयत्न केला. तो निघाला नाही. मग तिनं वाकून त्या सहादूच्या खाटेखाली, उतरल्यावर पाय पडेल अशा बेतानं नीट मांडून ठेवल्या.

"दाजीच्या हायेत," ती भावाला म्हणाली. "उठशील तेव्हा घाल."

तेजस्विनी त्या परत न घेताच बाहेर पडली.